आधी ऐब ओळखा, मग पार्ट बदला

आमच्या कापड बाजारात एक साधा रिवाज आहे. तागा घेण्यापूर्वी तो उलगडला जातो, उजेडाकडे धरून पाहिला जातो, पन्हा मोजला जातो, काठ चाचपला जातो आणि मगच भाव बोलला जातो. मीटरमागे एक-दोन रुपयांचा फरक असला तरी आम्ही अर्धा तास घासाघीस करतो. पण हाच व्यापारी माल वाहण्यासाठी जुनी गाडी घ्यायला निघतो, तेव्हा ही सारी शिस्त दुकानातच ठेवून जातो. रंग चमकतो आहे, सीट कव्हर नवे आहेत, इंजिन पहिल्या किल्लीला चालू झाले आणि विकणारा 'आपलाच माणूस' आहे, एवढ्यावर विसार दिला जातो. गाडीखाली वाकून कोणी पाहत नाही.

मग दोन महिन्यांत गॅरेजच्या फेऱ्या सुरू होतात. आज क्लच प्लेट बदलली, पुढच्या आठवड्यात ब्रेकचे पॅड, त्यानंतर शॉकप. पैसे गेले, दिवस गेले, गिऱ्हाईकाकडे माल उशिरा पोहोचला आणि मूळ दुखणे जागच्या जागीच राहिले. याला आम्ही नशीब म्हणतो. आमच्या मते हे नशीब नव्हे. ही तपासणी न करण्याची किंमत आहे. या लेखात आम्हाला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. गाडीचा दोष आधी नीट ओळखावा आणि मगच पार्टला हात लावावा, ही पहिली. ओळखलेला दोष विकणाऱ्याने आणि मिस्त्रीने लपवू नये, ही दुसरी. पहिली गोष्ट हुन्नराची आहे, दुसरी इमानाची. दोन्ही एकत्र असल्या तरच धंद्यात बरकत राहते.

कोणत्या गाडीविषयी बोलतो आहोत

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या गावांत छोट्या व्यापाऱ्याची गाडी म्हटली की आजही मारुतीची व्हॅन डोळ्यांसमोर येते. १९८४ साली ती बाजारात आली, पुढे 'ओम्नी' नावाने ओळखली गेली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज बाजारात मिळणारी प्रत्येक ओम्नी जुनीच आहे. ७९६ सीसीचे छोटे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, केबलवर चालणारा क्लच, मागे ड्रम ब्रेक, पुढे स्ट्रट आणि मागे पाटे अशी तिची सरळसाधी रचना आहे. शिंपी, फर्निचरवाले, बेकरीवाले, कापडाचे फेरीवाले अशा कितीतरी घरांची रोजी या गाडीवर चालली आणि चालते. खाली जे लिहिले आहे ते मुख्यतः तिला डोळ्यांपुढे ठेवून. पण तपासणीचा कायदा बहुतेक जुन्या गाड्यांना सारखाच लागू होतो.

या गाडीत चालक आणि शेजारचा माणूस अगदी पुढे बसतात. त्यांच्या पुढे इंजिनाची आड नसते. मागे दाबून भरलेला कपडा, समोर कसारा घाटाचा किंवा आंबा घाटाचा उतार, आणि स्टेअरिंगवर बहुतेक वेळा घरचाच मुलगा किंवा पगारावरचा ड्रायव्हर. तेव्हा ब्रेकचा प्रश्न हा खर्चाचा प्रश्न राहत नाही. तो जिवाचा प्रश्न असतो.

लक्षण एक, घरे अनेक

गाडीचे दुखणे ओळखण्यात मोठी अडचण ही की एकच लक्षण निरनिराळ्या ठिकाणांहून येते. गाडी उचलताना थरथरते, तेव्हा क्लचवर संशय जातो. पण इंजिनाचे किंवा गिअर बॉक्सचे माउंटिंग रबर तुटले असले तरी ती तशीच थरथरते. ब्रेक मारताना स्टेअरिंग हलते, तेव्हा डिस्क बदलली जाते. पण खालच्या आर्मचे बुश सैल असले तरी स्टेअरिंग हलते. गाडी एका बाजूला ओढते, तेव्हा ब्रेक खोलले जातात. पण कधी कधी फक्त एका टायरात हवा कमी असते.

म्हणून चांगला उस्ताद हातात पाना घेण्याआधी तीन प्रश्न विचारतो: आवाज किंवा धक्का नेमका केव्हा येतो? कोणते पेडल दाबल्यावर किंवा सोडल्यावर तो बदलतो? आणि गाडी रिकामी असताना व भरलेली असताना फरक पडतो का? या तीन प्रश्नांना पैसे लागत नाहीत, पण हजारो रुपये वाचतात. तपासणीचा क्रमही ठरलेला असावा. आधी फुकटचे पाहावे, म्हणजे टायरची हवा, केबल, ऑईलची पातळी. मग स्वस्तातले, म्हणजे रबर, बुश, पाइप. महागडे पार्ट सर्वात शेवटी.

क्लच: आधी केबल, मग प्लेट

क्लचचे पेडल हाताने हळूच दाबून पाहावे. सुरुवातीला ते थोडे अंतर विनाजोर खाली गेले पाहिजे. केबलच्या गाड्यांत हे अंतर साधारण दोन सेंटीमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. हे अंतर मुळीच नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो, घसरतो आणि प्लेट जळते. अंतर फार जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. दोन्ही वेळा पहिला उपाय केबलचा नट फिरवण्याचा आहे. केबलचे तार तुटू लागले असतील किंवा ती आत गंजली असेल, तर पेडल जड लागते. तेव्हा केबल बदलावी. एवढ्यावर काम होत असेल तर गिअर बॉक्स उतरवण्याचे कारण नाही.

प्लेट खरोखर घासली आहे का, हे रस्त्यावर कळते. मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ताशी ४० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर जोरात दाबावा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग मात्र त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. दुसरी परीक्षा उभ्या गाडीची आहे. सपाट जागेवर पुढे कोणी नाही हे पाहून हँडब्रेक पक्का ओढावा, तिसरा गिअर टाकावा, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच सोडावा. इंजिन लगेच बंद पडले पाहिजे. ते बिनदिक्कत चालू राहिले तर प्लेट किंवा प्रेशर प्लेट संपत आली आहे. ही परीक्षा एकदाच करावी. वारंवार केली तर चांगली प्लेटही जळते.

आवाजाचीही भाषा असते. न्यूट्रलमध्ये गाडी उभी असताना क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली, तर संशय रिलीज बेअरिंगवर जातो. उलट, पेडल सोडलेले असताना आवाज आहे आणि दाबल्यावर तो थांबतो, तर दोष गिअर बॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा असण्याची शक्यता जास्त. पहिल्यात खर्च क्लच सेटचा, दुसऱ्यात गिअर बॉक्स खोलण्याचा. हा फरक ज्याने सौद्याआधी ओळखला, त्याने मोठा खर्च वाचवला.

आणखी एक गोष्ट. प्लेटवर तेल आलेले दिसले तर नुसती नवी प्लेट बसवून उपयोग नाही. इंजिनाच्या मागच्या बाजूचे किंवा गिअर बॉक्सच्या पुढच्या बाजूचे ऑईल सील गळत असणार. सील तेच ठेवले तर नवी प्लेटही काही दिवसांत तेलात भिजेल. त्याच वेळी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही तपासून घ्यावे, कारण गिअर बॉक्स उतरवण्याची मजुरी दरवेळी तीच पडते. बाकी ट्रॅफिकमध्ये आणि चढावर पाय क्लचवर ठेवून गाडी पेलण्याची सवय ड्रायव्हरला असेल, तर कोणतीच प्लेट टिकणार नाही. ती दुरुस्ती गॅरेजमध्ये होत नाही.

ब्रेक: येथे अंदाज हराम समजावा

ब्रेकच्या पेडलाची परीक्षा गाडी उभी असतानाच सुरू होते. इंजिन चालू ठेवून पेडल दाबावे आणि सारख्या जोराने अर्धा मिनिट तसेच धरावे. पेडल हळूहळू खाली बसत गेले, तर कुठेतरी दाब सुटतो आहे. चारही चाके आणि पाइप पाहावेत. कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलेंडरच्या आतली रबरे गेलेली असण्याचा संभव मोठा. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे. ती काढावी लागेल आणि हवा शिरली कुठून तेही शोधावे लागेल. पहिल्यांदा पेडल खोल जाते आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर येते, तर बहुधा मागच्या ड्रममधल्या शूंचे अंतर वाढले आहे किंवा लाइनमध्ये हवा आहे.

गाडीला बूस्टर असेल तर त्याचीही सोपी परीक्षा आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरावे आणि इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो. मुळीच हलले नाही तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप पाहावा.

मागच्या चाकांच्या आतल्या बाजूने टायरवर ओले डाग दिसले, तर व्हील सिलेंडर गळतो आहे. ते तेल शूवर गेले की ते चाक ब्रेक धरत नाही आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. अशा वेळी तेलकट शू पेट्रोलने धुऊन किंवा कानशीने घासून पुन्हा बसवण्याची पद्धत आहे. ती सोडून द्यावी. भिजलेले लायनिंग पुन्हा भरवशाचे होत नाही. शू दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एकाच बाजूचे नवे बसवले तर ओढ कायम राहील.

पाच-सात किलोमीटर चालवून उतरल्यावर हात चाकाजवळ न्यावा, लोखंडाला लावू नये. एकाच बाजूचे चाक दुसऱ्यापेक्षा फार तापलेले जाणवले, तर तिथला ब्रेक अडकून बसला आहे. कॅलिपरचा पिस्टन गंजलेला असेल, पिना कोरड्या असतील, हँडब्रेकची केबल अडकली असेल किंवा रबरी पाइप आतून फुगून बंद झाला असेल. असा ब्रेक ॲव्हरेज खातो, पॅड खातो आणि घाटात दगा देतो.

आता ब्रेक ऑईलविषयी, कारण सर्वात जास्त दुर्लक्ष येथेच होते. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. ताज्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा घेतल्यानंतर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की तेल तापते, त्यातले पाणी उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल जमिनीला टेकते. वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. कसाऱ्याच्या वर ठीक चालणारा ब्रेक खाली येईपर्यंत 'गेला' कसा, याचे एक कारण हे आहे. म्हणून जुनी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात ब्रेक ऑईल पूर्ण बदलावे आणि पुढे दर दोन वर्षांनी बदलत राहावे. टाकीत चुकूनही इंजिन ऑईल टाकू नये. त्याने सिलेंडरची सारी रबरे फुगून निकामी होतात. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे निम्मे काम इंजिन करते.

सस्पेन्शन: टेप काढा आणि मोजा

सस्पेन्शनच्या बाबतीत कापडवाल्यांचे हत्यारच उपयोगी पडते. गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करावी, चारही टायरात बरोबर हवा भरावी आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंत टेपने मोजावे. पुढची दोन मापे एकमेकांशी आणि मागची दोन एकमेकांशी ताडून पाहावीत. एका बाजूला ठळक फरक दिसला, तर स्प्रिंग बसली आहे, पाटा तुटला आहे किंवा गाडीला कधीतरी मोठी ठोकर लागली आहे. रंगाने पत्रा झाकता येतो, ही मापे झाकता येत नाहीत.

मग एकेक कोपरा जोर देऊन खाली दाबावा आणि सोडावा. गाडी वर येऊन एक-दीड हेलकाव्यात स्थिर झाली पाहिजे. बोटीसारखी डोलत राहिली तर शॉकप गेले. शॉकपच्या अंगावर तेलाचा ओघळ असेल तर हलवून पाहण्याचीही गरज नाही. मात्र हेलकावा नीट थांबला म्हणून सारे ठीक आहे असेही समजू नये. खडबडीत रस्त्यावर ताशी १५-२० च्या वेगाने काचा खाली करून जावे. 'खट-खट' आवाज आला तर खालच्या आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि स्ट्रटचे वरचे माउंटिंग तपासावे. उभ्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण फिरवताना कुरकुर आली तर वरच्या माउंटिंगवर संशय घ्यावा.

चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर एका माणसाला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा आहे. तरीही राहिला तर बॉल जॉइंट किंवा बुशचा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंड पाहावा. एवढ्या एका युक्तीने तीन पार्टांची वाटणी होते. आणि हात जोडून एक विनंती: नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नये. पक्का स्टँड लावावा, जमिनीवरच्या चाकांना अडणी लावावी.

टायर हे गाडीचे हिशेबाचे वहीखाते आहे. मधोमध जास्त झिजलेला टायर जादा हवेची नोंद सांगतो, दोन्ही काठांवर झिजलेला कमी हवेची, एकाच काठावर झिजलेला अलाइनमेंटची किंवा सैल बुशची आणि जागोजाग खड्डे पडलेला टायर बहुधा थकलेल्या शॉकपची. विकणाऱ्याने चारही टायर अगदी नवे घातले असतील तर खूश होण्याआधी जुने टायर पाहायला मागावेत. जुने वहीखाते का बदलले, हे विचारणे गैर नाही.

मागचे पाटे बसले की आमच्याकडे एक जादा पाटा घालून घेण्याची चाल आहे. त्याने गाडी उंच होते, पण ब्रेक, क्लच, बेअरिंग आणि टायर होते तेवढेच राहतात. भार वाहण्याची परवानगी पाट्याने वाढत नाही. दोन फेऱ्यांचा माल एका फेरीत नेण्याच्या मोहात आम्ही तिन्ही दुखणी एकदम विकत घेतो. क्लच चढावर जळतो, ब्रेक उतारावर तापतो आणि पाटे सपाटीवर तुटतात.

ऐब सांगणे हा धंद्याचा फर्ज आहे

इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफ्यातले कापडाचे व्यापारी होते. त्यांच्याविषयी असे सांगितले जाते की त्यांनी भागीदाराकडे माल पाठवताना एका कापडात ऐब आहे, तो गिऱ्हाईकाला सांगून विकावा, अशी ताकीद दिली होती. भागीदार सांगायला विसरला आणि गिऱ्हाईकही कोण ते कळले नाही. तेव्हा इमामसाहेबांनी त्या विक्रीची रक्कम सदका करून टाकली. प्रेषित (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलसरपणा पकडला आणि तो वर का ठेवला नाही असे विक्रेत्याला विचारले, ती हदीसही वाचकांना ठाऊक आहे. राशीच्या आतली ओल आणि ड्रमच्या आतली ओल यांत आम्हाला फरक दिसत नाही. उलट ओल्या धान्याने गिऱ्हाईकाचे नुकसान होते, ओल्या ब्रेकने त्याचा जीव जातो.

'जशी आहे तशी घ्या' म्हणून विकणारे आपली जबाबदारी संपली असे समजतात. अशा शर्तीचा शरई हुकूम काय, ते उलेमांना विचारावे. आम्ही व्यापारी म्हणून एवढेच म्हणतो की जो दोष माहीत नाही त्याची गोष्ट वेगळी, आणि जो माहीत असून झाकला त्याची वेगळी. गळती पुसून वरून काळा रंग मारणे, गिअर बॉक्सचा आवाज दबावा म्हणून जाड तेल भरणे, उतरण्याआधी पेडल पंप करून ठेवणे याला 'जशी आहे तशी' म्हणत नाहीत. शरियतमध्ये अशा खरेदीदारासाठी खियार-ए-ऐब आहे. देशाच्या कायद्यातही, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ नुसार, माहीत असलेली गोष्ट जाणूनबुजून झाकणे फसवणुकीत मोडते.

पण खरेदीदारानेही झोपू नये. १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम १६ असे आहे की मालाचा दर्जा पाहण्याचा भार सामान्यतः खरेदीदारावरच असतो. त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून घेतल्यास काही संरक्षण मिळते. तरी ज्याने माल तपासला, त्याला त्या तपासणीत दिसायला हवा होता असा दोष नंतर पुढे करता येत नाही. म्हणजे गाडीभोवती एक चक्कर मारून 'पाहिली' म्हणणे सर्वात वाईट. तपासायची तर पुरती तपासावी.

मिस्त्री बंधूंना दोन शब्द

राज्यातल्या कितीतरी गॅरेजांत आमचीच मुले काम करतात. त्यांच्या हातात हुन्नर आहे, पण त्या हुन्नराची किंमत आम्ही गिऱ्हाइकांनीच पाडली आहे. 'काय झाले आहे ते बघून सांग' याचे पैसे द्यायला आम्ही तयार नसतो, फक्त पार्ट बदलण्याचे देतो. मग उस्ताद पार्ट बदलतो, कारण त्याच्या चुलीचा प्रश्न आहे. शागीर्दही तेच शिकतो की विचार फुकट असतो आणि पार्ट विकला जातो. हे चक्र दोन्ही बाजूंनी तोडावे लागेल.

आमची सूचना अशी. तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी आणि गिऱ्हाइकाने ती खुशीने द्यावी, मग गाडी घेतली जावो वा न जावो. उस्तादाने एका साध्या कागदावर तीन रकाने आखावेत: क्लच, ब्रेक, सस्पेन्शन. प्रत्येकापुढे काय पाहिले, काय आढळले, आज काय करणे आवश्यक आहे आणि काय सहा महिने थांबू शकते, हे लिहून सही करावी. जुना काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. कुर्ल्यासारख्या बाजारातून जुना पार्ट आणून बसवला असेल तर तसे बिलावर लिहावे. बॉडीचा किंवा काचेचा जुना पार्ट चालेल, पण ब्रेकची रबरे, पाइप, पॅड आणि शू नेहमी नवेच असावेत. असा कागद विकणाऱ्यालाही फायद्याचा आहे. ज्या गाडीचा दोष उघड सांगितला आहे तिचा भाव थोडा कमी येईल, पण वाद होणार नाही आणि उद्या तोच गिऱ्हाईक भावाला घेऊन येईल.

एक सांगणे आरोग्याविषयी. ड्रम खोलल्यावर आतली भुकटी हवेच्या पाइपने उडवण्याची सवय फार पसरली आहे. जुन्या ब्रेक आणि क्लच लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसांना जन्मभराचा आजार देते. फडके ओले करून पुसावे, तोंडावर पट्टी बांधावी, आणि हे काम लहान वयाच्या शागीर्दाकडून करून घेऊ नये. तो पोरगा उस्तादाकडे अमानत म्हणून आलेला असतो.

आमच्या बाजारांत विश्वासाचा तुटवडा नाही, विश्वास फार आहे. तपासणी म्हणजे अविश्वास, असे मानण्याची चूक मात्र आम्ही करतो. ज्या नात्यात हिशेब लिहिला जातो ते नाते टिकते, हे उधारीवर धंदा करणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. जुन्या गाडीच्या सौद्यातही हिशेब असाच मांडावा. घेणाऱ्याने वाकून पाहावे, मिस्त्रीने खरे लिहावे, विकणाऱ्याने खरे सांगावे. यात कोणाचा अपमान नाही. पुढच्या जुम्म्यानंतर ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे त्यांनी तीन कामे करावीत: ब्रेकचे पेडल अर्धा मिनिट दाबून धरावे, मागच्या चाकांची आतली बाजू पाहावी आणि ब्रेक ऑईल शेवटचे कधी बदलले ते आठवावे. आठवत नसेल तर घाट चढण्याआधी ते बदलून घ्यावे.